आजीच्या टाकीत चमचाभर

१

आजी चुकीच्या ताऱ्यापाशी जाऊन उभी राहिली, हे सगळ्यांत आधी ताईंना कळलं. ताई शेपटाला होत्या, आणि शेपटाला असणाऱ्याने डोकी मोजायची असतात.

आजी म्हणजे जहाज, आणि तेही संगणकावरच्या खेळातलं. तो खेळ म्हणजे एक अख्खी दीर्घिका होती. हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच वेळी तिच्यात आपापली जहाजं हाकत. त्यातली काहीशे माणसं दरवर्षी एकत्र निघत आणि कित्येक आठवडे उड्या मारत मारत दीर्घिकेच्या काठावर पोचत. याला ते लांबची फेरी म्हणत. लढाई नाही, बक्षीस नाही. काठावरच्या शेवटच्या ग्रहावर सगळ्यांनी मिळून उतरायचं आणि मागे वळून, आपण जिथून आलो ती सगळी चांदण्यांची रास एका नजरेत बघायची, यासाठी एवढा खटाटोप. शेवटची उडी फार लांबची. ज्यांच्या लहान जहाजांना ती झेपत नसे ते आजीच्या पोटात शिरत. अवाढव्य, संथ, सगळ्यांना पोटाशी घेणारी, म्हणून ती आजी.

ताई दिवसभर वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत आणि घरी आल्या की शेपूट सांभाळत. सगळ्यांच्या मागे राहायचं, कुणी वाट चुकलं की त्याला हुडकायचं, कुणाचं इंधन संपलं की नेऊन द्यायचं. शेवटच्या आठवड्यात तर आजीची टाकी भरणाऱ्या पंपवालीने मागितल्या म्हणून आजीसाठी इंधनाच्या जास्तीच्या खेपाही त्यांनीच मारल्या होत्या. कामावरून यायचं, पायातल्या चपलाही न काढता संगणक लावायचा, खेप टाकायची, मग भाताचा कुकर. डोळे चुरचुरत होते. एकदा संपलं की आठवडाभर नुसतं भिंतीकडे बघत बसायचं, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

त्या रविवारी दुपारी ज्यांना ही उडी झेपली ती जहाजं आधीच काठावर उतरून वाट बघत होती. सगळ्यांनी ऐकायच्या चॅनलवर निवेदन करणाऱ्या वहिनींचा आवाज होता, नेहमीसारखा गोड आणि थोडा कंटाळलेला. "आजी निघालीय बरं का. जरा सरकून उभे राहा, तिला जागा लागते."

त्यांचे यजमान, म्हणजे सगळ्या फेरीचे म्होरके डॉक्टर, मधेच म्हणाले, "आणि थेंबभरही जास्त इंधन न जाळता. हे आपलं वैशिष्ट्य."

आजी आलीच नाही.

ताईंनी नकाशा उघडला. आजी काठावर नव्हती. काठाच्या अलीकडून एक विरळ फाटा फुटतो, त्याच्या पार टोकाला, कुणीही कधी जात नाही अशा ताऱ्यापाशी ती उभी होती. पोटात अर्धा काफिला. टाकीत नेहमीसारखं चमचाभर इंधन. म्हणजे पुढे जायची सोय नाही, मागे यायचीही नाही.

 मग आजीच्या पोटातून एक म्हातारा, धापा टाकणारा आवाज आला.

"अगं, हा काठ नव्हे."

ते अप्पा होते. पंपवालीचे वडील. तो काठ एकदा बघायचा म्हणून तीन वर्षं अंथरुणातून जहाज चालवायचा सराव करून यंदा पहिल्यांदाच फेरीला आलेले.

२

पुढच्या रविवारी दुपारी सगळे डॉक्टरांच्या दातांच्या दवाखान्यात जमले. फेरीनंतर काय बरं झालं, काय वाईट झालं हे बोलायला दरवर्षी तिथेच जमत. रविवारी पेशंट नसतात, खुर्च्या भरपूर, आणि माशांच्या टाकीतल्या बुडबुड्यांमुळे फार शांतता वाटत नाही.

पंपवाली अप्पांना सोडून घराबाहेर पडू शकत नसे. ती फोनवर होती. प्लास्टरच्या जबड्याला टेकवून फोन टेबलावर उभा केला होता, त्यामुळे तिचा चेहरा दातांच्या दोन ओळींमधून बोलत असल्यासारखा दिसत होता.

"आधी चांगलं काय झालं ते," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दाढी केली नव्हती.

मासे इकडून तिकडे गेले.

"बरं, मग वाईट."

"वाईट माझ्या हातून झालं," कोपऱ्यातल्या खुर्चीतून सर म्हणाले.

सर निवृत्त गणित शिक्षक. फेरीचा सगळा मार्ग तेच आखत. आजीचं सुकाणू तिघांच्या हाती असे: डॉक्टर, सर आणि इंधन सांभाळणारी पंपवाली. शेवटच्या दिवशी यादीतून ताऱ्याचं नाव निवडून उडी लावली होती सरांनी. उडी लावली की आजीला तयार व्हायला चहा उकळेपर्यंतचा वेळ लागतो. तेवढ्यात तिघांपैकी कुणीही ती बदलू शकतो. कुठला तारा ठरला हे आजी लक्षात ठेवते. कुणाच्या हाताने ठरला हे ठेवत नाही.

"यादीत ताऱ्यांची नावं अक्षरक्रमाने एकाखाली एक येतात," सर म्हणाले. "आपला तारा एका ओळीत, आणि आजी गेली तो बरोबर त्याच्या खालच्या ओळीत. माझं बोट एक ओळ खाली गेलं. दुसरं काय असणार?"

"तुम्हाला तसं आठवतंय?" ताईंनी विचारलं.

"आठवत नाही, हेच तर." सर हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. "मागच्या महिन्यात घराची किल्ली फ्रीजमध्ये सापडली. मुलगा वर्षभर म्हणतोय, एकटे राहू नका, इकडे या. मी नाही नाही म्हणत होतो. या सोमवारी हो म्हटलं. शिकवणीच्या मुलांनाही सांगितलं, दुसरी शिकवणी बघा. ज्याला दोन ओळींतला फरक कळत नाही त्याने दुसऱ्याच्या पोरांना गणित शिकवू नये."

वहिनी उगाचच टेबलावरची मासिकं सारखी करू लागल्या.

"लोक रोज विचारतायत," डॉक्टर म्हणाले. "काहीतरी लिहून टाकावं लागेल. सरांच्या हातून नजरचूक झाली, आम्ही त्यांचे आभारी आहोत, यापुढे मार्गाचं काम दुसरं कुणीतरी... असं. सन्मानाने."

"सरांचं नाव घालायलाच हवं का?" जबड्यामागून पंपवाली म्हणाली.

"मग कुणाचं घालू? तुझं?"

 पंपवालीशी सगळे जपूनच बोलत, आणि डॉक्टरांनाही लगेच वाईट वाटलं. "तसं नाही गं. तुझं तर सगळ्यांत जास्त नुकसान झालंय."

"एक आठवडा थांबा," ताई म्हणाल्या.

"कशासाठी?"

ताईंना ते धड सांगता येईना. प्रयोगशाळेत कधीकधी असं व्हायचं. काट्यावरचा आकडा बरोबर असे, पण त्या वजनाला तो बरोबर यायला नको असं वाटत राही. असा काटा त्या बाजूला काढून ठेवत.

"मला एक आकडा खटकतोय," त्या म्हणाल्या. "कुठला ते अजून कळलेलं नाही."

३

डॉक्टरांना गाठायचं तर त्यांच्या खुर्चीतच बसावं लागतं. ताईंची एक दाढ थंड पाण्याने ठणकत होतीच. मंगळवारी त्या तोंड उघडून आडव्या झाल्या. तोंड उघडं असलं की विचारता येत नाही, पण ऐकता येतं, आणि ऐकणारा उलट काही बोलू शकत नाही म्हटल्यावर माणसं भरभरून बोलतात.

"खरं सांगू?" डॉक्टर दिवा जवळ ओढत म्हणाले. "आजी भलतीकडे गेली तेव्हा पहिल्यांदा मला काय वाटलं असेल? सुटलो. तोंड मोठं करा. पुढच्या वर्षी कुणी मला या म्हणणार नाही, असं वाटलं. सात जणांची भांडणं सोडवली मी यंदा, ताई. एकाला दुसऱ्याच्या शेजारी जहाज लावायचं नव्हतं. अंतराळात. दुखतंय?"

ताईंनी मान हलवली.

"दुखणारच, कीड आहे. तर सुटलो असं वाटलं हे खरं. पण मी हात लावला नाही. मी त्या वेळी सगळ्यांना रांगेत उभं करत होतो. आणि लावला असता तरी उपयोग काय? आपण थेंब जास्त भरत नाही. आजीत तेवढंच असतं जेवढं लागतं. चूळ भरा."

ताईंनी चूळ भरली. एका बाजूचा गाल बधिर झाला होता.

बाहेर पैसे घ्यायच्या खिडकीशी वहिनी बसल्या होत्या. फेरीच्या दिवशीही डॉक्टरांचा संगणक तिथेच, त्यांच्याच शेजारी उघडा होता.

"विचारा," वहिनी म्हणाल्या. "आत यांना विचारलंत, आता मला विचारायला आलात ना? हो, मी शेजारीच होते. संगणक उघडा होता. हे मधे दोनदा उठलेही."

"वहिनी, तुम्ही..." गालामुळे शब्द घसरले.

"मी केलं असतं तर पहिल्याच वर्षी केलं असतं. एवढे रविवार कशाला घालवले असते?" त्यांनी पावती फाडली. "आणि करायचं तरी कसं? ती बया कशावर चालते हेही मला धड माहीत नाही. तुम्ही लोक कायम काहीतरी वाहून आणता आणि ती पोरगी ते ओतते, एवढं मला दिसतं. मी फक्त बोलते. लोकांना आवाज आवडतो म्हणतात. घरी कुणाला आवडत नाही."

ताई हसल्या. म्हणजे अर्ध्या तोंडाने हसल्या.

"मला वाईट वाटतं ते अप्पांचं," वहिनी आवाज उतरवून म्हणाल्या. "निघायच्या आधी मी त्यांना चॅनलवर घेतलं होतं. म्हटलं, अप्पा, काठावर पोचल्यावर काय करणार? तर म्हणाले, 'ही फेरी झाली की मी मोकळा.' किती छान बोलले. सगळे हसले."

"पंपवालीही?"

वहिनींनी आठवून बघितलं. "नाही, तिचा माईक बंद होता वाटतं."

४

सरांच्या घरी खोकी बांधून ठेवली होती. भिंतीवर फळा होता, तो पुसून कोरडा केला होता. टेबलावर संगणक मात्र तसाच, आणि त्याच्या पडद्याला खाली टेकवलेली एक लाकडी पट्टी.

"ही कशाला?"

"ओळ वाचायला. पेपर तपासताना लागलेली सवय." सरांनी पट्टी पडद्यावर धरून दाखवली. "हवं ते नाव, त्याच्या खाली पट्टी, मोठ्याने वाचायचं, मग बोट. माझी बायको म्हणायची, वर्तमानपत्रातल्या निधनवार्तासुद्धा पट्टी लावून वाचता, मेलेली माणसं पळून जाणारेत का?"

"त्या दिवशी लावली होती?"

"रोज लावतो म्हणजे लावली असणार. पण असणार आणि आहे यांत फरक आहे ना ताई. तू तर वजनकाटेवाली." त्यांनी पट्टी उलटसुलट केली आणि ताईंपुढे धरली. "घेऊन जा. तुला कामाला येईल. माझं आता काय."

ताईंनी पट्टी घेतली. काय बोलावं ते न सुचून त्या म्हणाल्या, "सर, एक हिशोब करून द्याल? दोन अंतरं देते. आजी भरलेली असताना किती इंधन जळेल ते हवंय. मला येतं, पण माझा माझ्यावर विश्वास नाही. डोळ्यांपुढे आकडे नाचतात हल्ली."

दोन्ही ताऱ्यांची नावं त्यांनी सांगितली नाहीत. सरांनीही विचारली नाहीत. कागद पुढे ओढला, पण पेन्सिल उचललीच नाही. खिडकीबाहेर बघत, ओठ हलवत त्यांनी पहिल्या अंतराचा आकडा सांगितला. मग दुसऱ्याचा. दुसरा बराच मोठा होता.

"पडताळून पाहा," ते म्हणाले. "माझा भरवसा धरू नकोस."

ताईंनी कागदावर सावकाश पडताळला. दोन्ही आकडे बरोबर होते. ज्याला दोन ओळींतला फरक कळत नाही म्हणे, त्याने तोंडी केले होते.

आणि मग त्यांना कळलं, खटकत होता तो आकडा कुठला.

पंपवालीची एक पद्धत होती. सगळे तिची त्यावरून थट्टा करत. आजी कुठेही जावो, पोचल्यावर टाकीत तेवढंच उरलं पाहिजे, न कमी न जास्त, चमचाभर. इंधन खणून, वाहून आणावं लागे. माणसांचे हात दुखत. म्हणून ती आधी हिशोब करी आणि पुढच्या उडीला लागेल तेवढंच, वर चमचाभर, असं भरी. सगळ्या फेरीत एकदाही तो चमचा चुकला नव्हता.

शेवटच्या उडीनंतरही चुकला नव्हता. आजी चुकीच्या ताऱ्यापाशी पोचली, आणि टाकीत चमचाभर उरलं.

काठापर्यंतचं इंधन भरलं असतं, तर सरांचं बोट कुठेही गेलं असतं तरी आजी तिथपर्यंत गेली नसती. खेळाने सांगितलं असतं, इंधन पुरत नाही, आणि उडी घेतलीच नसती. सावधगिरी म्हणून कुणी अंदाजाने जास्त भरलं असतं, तर उरलंही अंदाजानेच असतं. थोडं कमी, थोडं जास्त. असा मोजून चमचा उरला नसता. ती टाकी काठासाठी भरलेलीच नव्हती. ती आधीपासून, हिशोब करून, त्या फाट्यावरच्या ताऱ्यासाठी भरली होती. त्या जास्तीच्या खेपा त्यासाठी होत्या. त्या ताईंनीच मारल्या होत्या.

डॉक्टरांना वाटत होतं थेंबही जास्त नाही. वहिनींना आजी कशावर चालते ते माहीत नव्हतं. टाकी भरणारं माणूस एकच होतं.

"काय झालं?" सरांनी विचारलं. "चुकलो का?"

"नाही सर. अजिबात नाही."

त्या उठल्या. एवढंच सांगून निघून जाणं क्रूरपणाचं होतं, हे त्यांना कळत होतं. पण कुणी केलं ते कळलं होतं आणि का केलं ते मुळीच जुळत नव्हतं. स्वतःच्याच बापाला कुणी असं अर्ध्या वाटेत सोडतं का?

५

पंपवालीचं घर म्हणजे एक मोठी खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत अप्पांचा पलंग, पलंगावर आडवं बसवलेलं फळकूट, त्यावर संगणकाचा पडदा. अप्पा तरुणपणी बंदरात मोठ्या जहाजांना ओढून नेणाऱ्या बोटीवर होते. आता त्यांच्या हातावर, शिरा टोचून टोचून, निळ्या गाठी आल्या होत्या.

"ये पोरी, शेपटवाली ना तू? आवाजावरून बारीक वाटली होतीस."

"अप्पा," पंपवाली म्हणाली.

"मग काय झालं? मी आवाजावरून तरणा वाटतो." ते धाप लागेपर्यंत हसले. "परवा पुन्हा जायचंय रक्त धुवायला. अर्धा दिवस त्या यंत्राला बांधून ठेवतात, उरलेला अर्धा उलट्यांत जातो. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, एवढी फेरी होऊ द्या, मग मला नाही यायचं. पुरे. पण आता फेरीच कुठे पुरी झालीय?"

ताईंनी पंपवालीकडे पाहिलं. ती कपात चहा ओतत होती. बरोबर काठाच्या खाली, सगळ्या कपांत सारखा.

ही फेरी झाली की मी मोकळा. सगळे हसले होते. तिचा माईक बंद होता.

स्वयंपाकघरात ताईंनी दार लोटून घेतलं. "टाकीत चमचाभर उरलं," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

पंपवालीने नाकारलं नाही. ओट्याला टेकून उभी राहिली. हातातल्या फडक्याची ती घडी घालत होती आणि उलगडत होती.

"ते ऐकत नाहीत हो ताई. मी किती सांगितलं. इस्पितळातले डॉक्टर म्हणतात, रक्त धुणं चालू ठेवलं तर अजून बरेच महिने निघतील, कदाचित जास्त. अप्पा म्हणतात काठ बघितला की बस्स. मी रोज एकेक उडी जवळ जाताना बघत होते. इंधन मीच भरायचं. माझ्याच हाताने." ती थांबली. "यादीत त्याच्या खालचाच तारा निवडला, कारण तो चूक वाटेल. कुणी मुद्दाम केलं असं वाटणार नाही. चूक काय, कुणाचीही होते."

"आपल्यात कुणाचीही होत नाही. प्रत्येक काम एकेकाच्या नावावर आहे."

"ते नंतर कळलं."

"आणि मग आठवडाभर गप्प बसलीस. सरांची खोकी बांधून झालीत. त्यांनी फळा पुसून ठेवलाय."

पंपवालीने फडका डोळ्यांवर धरला. ताईंना तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि रागही आला, आणि या दोन्हींतलं काहीच करण्याइतकं त्राण त्यांच्यात नव्हतं. त्या मोरीजवळच्या स्टुलावर बसल्या.

"काय कुजबुजताय?" बाहेरून अप्पांचा आवाज आला. "मी म्हातारा आहे, बहिरा नाही. इकडे या दोघी."

त्या बाहेर गेल्या. अप्पांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर आजीच्या खिडकीतून दिसणारं काळंभोर आकाश होतं, दोन्ही बाजूंना तुरळक तारे.

"काठावरून सगळे तारे एका अंगाला दिसतात आणि दुसऱ्या अंगाला काही नसतं. मला पहिल्या क्षणी कळलं हा काठ नव्हे. आणि आजीला इथवर यायला कुणी खाऊ घातलं हेही कळलं." त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही. "मी काही बोललो नाही. म्हटलं, पोरीने एवढा घाम गाळून वाट लांब केलीय, तर चालू अजून थोडं."

पंपवाली पलंगाच्या पायथ्याशी खालीच बसली.

"पण मास्तरांचं काय म्हणत होता तुम्ही?" अप्पांनी विचारलं. "मला ही बातमी नाही."

ताईंनी सांगितलं. किल्ली, मुलगा, शिकवणी, खोकी. अप्पा ऐकत असताना त्यांचा चेहरा बदलत गेला.

"त्यांच्या डोक्यावर?" ते मुलीला म्हणाले. "माझं आयुष्य वाढवायला दुसऱ्याचं डोकं घेतलंस? रविवारी जायचं. फोनवर नाही. पायांनी."

६

रविवारी जबड्याला टेकवलेल्या फोनमध्ये अप्पा होते, आणि पंपवाली दवाखान्याच्या दारात उभी होती. ताईंखेरीज तिला प्रत्यक्ष कुणी पाहिलंच नव्हतं. ती सगळ्यांना वाटायची त्याहून उंच निघाली.

तिने उभ्याउभ्याच सांगितलं. टाकी, तारा, चमचा. रडली नाही. कारण सांगताना मात्र तिचा आवाज अगदी लहान झाला आणि डॉक्टरांनी माशांच्या टाकीचा पंप बंद केला, ऐकू यावं म्हणून.

सगळे सरांकडे बघू लागले.

"म्हणजे माझं बोट..."

"बरोबर ओळीवर होतं, सर. तुम्ही लावलेली उडी मी पुसली."

सरांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "आठवडाभर मी काय करत होतो माहीत आहे? पाढे म्हणत होतो. उठल्यावर, आंघोळीला जाताना. कुठला विसरतोय ते बघायला." त्यांनी पंपवालीकडे मान वळवली. "तुझ्यावर मी रागावणार आहे. आज नाही, आज थकलोय. पण रागावणार आहे."

"हो सर."

"किल्ली मात्र फ्रीजमध्येच होती," ते थोड्या वेळाने म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही.

"माझी तांदळाच्या डब्यात होती, फेरी चालू असताना," ताई म्हणाल्या.

"यांचा चष्मा मी पेशंटच्या फाइलीत घालून दिलाय," वहिनी म्हणाल्या. "त्या बाईंनी अजून परत केला नाही."

डॉक्टरांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "लोकांना लिहायचं काय? ते सांगा. मला आज हे संपवायचंय."

"माझं नाव घाला," पंपवाली म्हणाली.

"नाव घाला," सर म्हणाले. "कारण घालू नका. ते त्यांच्या घरचं आहे. आणि खाली लिहा, आजी वाटेत आहे. फेरी संपलेली नाही. लहान जहाजांनी इंधन नेऊन तिला काठावर आणायचं, पोटातल्या सगळ्यांसकट. मार्ग मी आखतो." त्यांनी इकडेतिकडे चाचपलं. "माझी पट्टी कुठाय?"

ताईंनी पर्समधून पट्टी काढून दिली.

"म्हणजे अजून रविवार," डॉक्टर म्हणाले.

"मला वाटलंच," वहिनी म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.

फोनमध्ये अप्पा डोळे मिटून पडले होते. "मी आहे," ते डोळे न उघडता म्हणाले. "तुमचं चालू द्या. मला काही घाई नाही. काठ बघितल्यावर मात्र माझं मी ठरवणार, आत्ताच सांगून ठेवतो. तेव्हा कुणी ओळ बदलायची नाही."

पंपवालीने मान हलवली. त्यांना ती दिसली नाही, म्हणून मग ती मोठ्याने म्हणाली, "नाही बदलणार अप्पा."

निघताना पायऱ्यांवर ती ताईंच्या शेजारी आली. बाहेर अजून ऊन होतं. ताईंना भिंत आठवली, जिच्याकडे आठवडाभर नुसतं बघत बसायचं ठरलं होतं.

"ताई, शेपूट तुम्हीच सांभाळणार ना? इंधन तुम्हीच न्याल?"

"दुसरं कोण आहे?"

"हळू न्याल?"

ताईंनी विचार केला. खोट्या वजनावर शिक्का त्यांनी आयुष्यात कधी मारला नव्हता.

"मी मुद्दाम काही करणार नाही," त्या म्हणाल्या. "पण माझं जहाज लहान आहे, आणि मला आधी भात टाकावा लागतो. ते हळूच जातं."